जुन्या पेटीचे काय करावे?

दिवाळीच्या आधी घरे झाडली जातात आणि माळ्यावरच्या वस्तूंना वर्षातून एकदा उजेड दिसतो. तांब्याचा बंब, दांडी तुटलेला पाळणा, कोणाच्या तरी मुंजीत आलेले घंगाळ आणि पुष्कळ घरांतून, जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेली बाजाची पेटी. ती खाली उतरली की घरात तीन पक्ष पडतात. आजोबा म्हणतात, "अस्सल पॅरिसचे सूर आहेत तिच्यात. आता तसे मिळायचे नाहीत." चिरंजीव म्हणतात, "दुरुस्तीला जेवढे पडतील त्यात थोडी भर घातली तर नवी कोरी येईल, बाबा." आणि सूनबाई, जिला ती पेटी पुन्हा माळ्यावर चढवावी लागणार असते, म्हणते, "काय ते एकदाचे ठरवा." माझ्या मते या तिघांत टीकाकाराच्या पदवीला पात्र कोणी असेल तर ती सूनबाई होय. आजोबांनी आठवण सांगितली, चिरंजीवांनी हिशेब सांगितला. निर्णय मात्र तिने मागितला. टीकेचे काम निर्णय मागण्यापासूनच सुरू होते.

दिवाळी अंकातला टीकालेख म्हटला म्हणजे तो कथा-कादंबरीवर असावयाचा, असा संकेत आहे. तो मोडून मी पेटीवर लिहीत आहे याचे कारण इतकेच की, जुने राखावे की नवे घ्यावे हा प्रश्न वाङ्मयात आपण फार मोठ्या आवाजात चर्चितो आणि घरात मात्र पाच मिनिटांत निकालात काढतो. एक तर 'जुने ते सोने' म्हणून पेटी जशीच्या तशी गुंडाळून ठेवतो, किंवा जुने ते अडगळ म्हणून भंगारवाल्याच्या स्वाधीन करतो. दोन्ही वेळा एक गोष्ट करावयाची राहून जाते. ती पेटी वाजवून कोणी पाहत नाही.

पेटी मुळात आपली नव्हे. १८४० च्या सुमारास पॅरिसमधील अलेक्सांद्र दबँ याने 'हार्मोनियम' या नावाने तिचे पेटंट घेतले. ते वाद्य खुर्चीवर बसून, पायांनी भाता मारून वाजवावयाचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला जमिनीवर बसवले. भाता पाठीमागे गेला, एक हात भात्याला आणि एक हात पट्ट्यांना मिळाला, आणि मांडी घालून बसणाऱ्या गवयाच्या शेजारी पेटीला जागा झाली. महाराष्ट्रात ती कीर्तनात गेली, नाटकात गेली, घराघरांत गेली. १९११ साली 'मानापमान' रंगभूमीवर आले तेव्हा त्याच्या चाली बांधणारे गोविंदराव टेंबे हे स्वतः पेटीवालेच होते. पुढे पी. मधुकर, विठ्ठलराव कोरगावकर, गोविंदराव पटवर्धन, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर अशी नावे घेत गेले तर एक लहानसे घराणेच उभे राहते. परकी म्हणून आलेली ही बाई इतकी घरची झाली, की तिच्या माहेराची आठवण आता फक्त तिच्या आतल्या पितळेवर कोरलेल्या नावात उरली आहे.

त्या पितळेकडेच प्रथम पाहिले पाहिजे. पेटीत दोन प्रकारच्या वस्तू असतात. एक झिजणाऱ्या आणि बदलता येण्याजोग्या: भात्याचे कापड व चामडे, पट्ट्यांखालची बनात, पट्टी परत वर आणणाऱ्या तारेच्या कमानी, हवेच्या भोकांवर बसणारे चामडे लावलेले लाकडी पडदे. पावसाळ्याने, कसरीने, उंदरांनी आणि वयाने बिघडते ते बहुतेक हेच. चामडे कडक झाले की पडदा भोकावर नीट बसत नाही आणि पट्टी न दाबताच सूर बोलू लागतो. भात्याला भेग गेली की वाजवणाऱ्याला धाप लागते. ही दुखणी कानाला भयंकर वाटतात, पण ती वरवरची आहेत. चांगला कारागीर ती बरी करतो आणि पेटीच्या स्वभावात काही फरक पडत नाही.

दुसरी वस्तू म्हणजे रीड. कारागीर तिला नुसते 'सूर' म्हणतात, आणि ते अगदी योग्य आहे. पितळेच्या लहान पत्र्यात एक लांबट खाच असते. त्या खाचेवर पितळेचीच एक पातळ जीभ एका टोकाला रिव्हेटने जडवलेली असते व दुसऱ्या टोकाला मोकळी असते. हवेचा दाब आला की ती खाचेतून आतबाहेर थरथरते आणि स्वर निघतो. जिभेची लांबी आणि जाडी यांवर स्वराची उंची ठरते. ती खाचेत किती बेताने बसली आहे आणि तिला किती बाक दिला आहे, यावर ती हळू फुंकरीला बोलेल की जोर लावल्यावर बोलेल हे ठरते. साडेतीन सप्तकांच्या पेटीत बेचाळीस पट्ट्या असतात. दुहेरी सुरांची पेटी असेल तर तीत अशा चौऱ्याऐंशी जिभा असतात. पॅरिसच्या कासरिएलचे सूर, जर्मनीचे ज्युबिलेट सूर यांची नावे पेटीवाले आजही आदराने घेतात. पुढे गुजरातेत पालिताण्याला सूर तयार होऊ लागले आणि त्यांनी देशभर पेट्या बोलत्या ठेवल्या.

आता खरा मुद्दा. सूर उतरला असेल तर चढवावयाचा कसा? जिभेचे मोकळे टोक कानशीने किंचित पातळ करावयाचे. चढला असेल तर उतरवावयाचा कसा? रिव्हेटजवळ जीभ खरवडावयाची. दोन्ही उपायांत पितळ जाते आणि गेलेले पितळ परत येत नाही. म्हणजे पेटी 'सुरात लावणे' हे क्षौरासारखे काम नव्हे, की केस पुन्हा वाढतील. प्रत्येक वेळी आवाजाचा एक कण कायमचा कमी होतो. जीभ फार पातळ झाली की तिचा आवाज चिरका होतो, आणि वारंवार खरवडलेल्या जागी एक दिवस तिला चीर जाते.

याबाबतीत पेटी तंबोऱ्याहून अगदी निराळी आहे. मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते उचित झाले. पण त्या निमित्ताने जुन्या वाद्यांविषयी जे सरसकट गोडवे गायले जातात ते पेटीला जसेच्या तसे लावता येत नाहीत. तंबोरा प्रत्येक बैठकीला नव्याने लावला जातो. खुंटी पिळा, मणी सरकवा, जवारीचा दोरा हलवा. घोडी झिजली तर जवारी पुन्हा काढून घ्या. भोपळा आणि लाकूड आपल्या जागी शाबूत असते. पेटीला खुंटी नाही. तिचा षड्ज तिच्या धातूतच असतो. म्हणून तंबोरा दुरुस्त करणाऱ्याची चूक पुढच्या महिन्यात सुधारता येते, पेटी दुरुस्त करणाऱ्याची येत नाही.

असे असताना आज जुनी पेटी दुरुस्तीला गेली की तिचे काय होते? हल्ली मोबाइलमध्ये सूर मोजणारा काटा असतो. कारागीर तो समोर ठेवतो, काटा मध्यावर येईपर्यंत कानस चालवतो आणि चौऱ्याऐंशी जिभा एका ठरीव मापावर आणून ठेवतो. हे माप काही ब्रह्मदेवाने घालून दिलेले नाही. फ्रान्सने १८५९ साली आपल्या 'ला' या स्वराची उंची सेकंदाला ४३५ कंपने अशी कायद्याने ठरवली होती. १९३९ साली लंडनच्या परिषदेत ती ४४० मानावी असे ठरले. या दोहोंत अर्ध्या स्वराच्या सुमारे पाचव्या हिश्शाचे अंतर आहे. तेवढे अंतर तोडण्यासाठी एखाद्या जुन्या पेटीचा प्रत्येक सूर तासावा लागला, तर त्यातून कोणाचे कल्याण होते? आपल्या गवयाचा षड्ज सरकारी कायद्याने ठरत नाही. तो पेटीला तंबोरा मिळवून घेतो आणि गातो. पेटी आपल्याशी सुरात असली, तिचे सूर एकमेकांशी जुळले, की त्याचे काम झाले. बासरीवाल्याबरोबर किंवा विजेच्या कळफलकाबरोबर वाजवावयाचे असेल तर मात्र ४४० चे माप लागेल, आणि त्या गरजेसाठी नवी पेटी घेणे हेच शहाणपणाचे.

याहून नाजूक गोष्ट गांधाराची आहे. पेटीविरुद्धची जुनी तक्रार सर्वांस ठाऊक आहे. तिला मींड नाही, आणि सप्तकाचे बारा सारखे तुकडे केल्यामुळे तिचे स्वर आपल्या गाण्याच्या स्वरांशी पुरते जुळत नाहीत. अर्ध्या स्वराचे शंभर भाग मानले तर पेटीचा शुद्ध गांधार षड्जापासून ४०० भागांवर असतो. उत्तम मिळालेल्या तंबोऱ्यातून जो गांधार आपोआप उमटतो तो सुमारे ३८६ भागांवर असतो. चौदा भागांचा हा चढेपणा सुरेल कानाला खुपतो. रवींद्रनाथांचा पेटीला विरोध होता. १९४० च्या मार्चपासून आकाशवाणीने तिला दार बंद केले, आणि १९७१ मध्ये संगतीपुरती ती बंदी उठली. ही तक्रार खोटी नव्हती. पण तिला आपल्या पेटीवाल्यांनी जे उत्तर दिले ते वादविवादाचे नव्हते, कामाचे होते. त्यांनी एखादा षड्ज, काळी एक म्हणा की पांढरी चार, कायम धरला आणि त्या षड्जाच्या तंबोऱ्याशी गांधारादी स्वर उतरवून पेटी मिळवून घेतली. याला पेटीवाले 'गांधार ट्यूनिंग' म्हणतात. अशी पेटी त्या एका पट्टीत अतिशय गोड बोलते. दुसऱ्या पट्टीत गेलात तर रुसते. अलीकडे ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली, तिच्याही मुळाशी हीच अस्वस्थता आहे.

आता कल्पना करा की अशी एक पेटी माळ्यावरून उतरली. पन्नास वर्षांपूर्वी कोणा जाणत्याने घरातल्या गाणाऱ्या बाईच्या षड्जाला ती मिळवून दिली होती. तिचा गांधार मोबाइलच्या काट्यावर 'उतरलेला' दिसतो. नवशिका कारागीर तो 'सुधारतो'. त्याने काटा मध्यावर आणला, पैसे घेतले, पावतीही दिली. पण जी खूण कोणी तरी मुद्दाम ठेवली होती ती त्याने चूक समजून पुसली. आजोबांना पेटी परत मिळाली, तिच्यावरची पाटी तीच, लाकूड तेच, पॉलिश तर पूर्वीपेक्षा झकास. आणि तरीही त्यांना चुकचुकल्यासारखे होते, ते का हे त्यांना सांगता येत नाही.

जुन्या पोथीची शुद्ध प्रत करणाऱ्यावर हाच प्रसंग येतो. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीनशे वर्षांत लेखनिकांच्या हातून जे अपपाठ शिरले होते ते त्यांनी काढले. नाथ स्वतः केवढे कवी! एखादी ओवी अडखळली असती तर तिच्या जागी दुसरी सहज बसवण्याचे सामर्थ्य त्यांच्यात होते. पण त्यांनी आपली ओवी तीत घातली नाही, आणि पुढे कोणी घालू नये असेही बजावून ठेवले. स्वतःचे सांगावयाचे ते त्यांनी आपल्या भागवतात सांगितले होते. मला वाटते, दुरुस्तीचे आणि नवनिर्मितीचे नाते याहून स्वच्छ कोठे दिसणार नाही. जुन्यावर बसलेली धूळ काढा, फाटलेले शिवा, पण त्याचा आवाज बदलू नका. निराळा आवाज हवा असेल तर निराळे वाद्य घ्या. त्यात कमीपणा काही नाही. वाईट ती तिसरी गोष्ट: जुन्याच्या अंगात नवा आवाज भरावयाचा आणि वर त्याला जुने म्हणून मिरवावयाचे. पॅरिसची पाटी कायम ठेवून आत भलतेच सूर बसवलेली पेटी ही प्रक्षिप्त ओव्यांनी भरलेल्या पोथीसारखी असते. पालिताण्याचा सूर हलका म्हणून मी हे म्हणत नाही. तो उत्तम असतो. त्याने आपल्या नावाने बोलावे, इतकेच.

नव्या पेट्यांवर माझा रोष नाही, पण दुकानात त्यांची जी वाखाणणी होते ती तपासून घ्यावी. पट्टी बदलण्याची सोय असलेली पेटी घ्या, म्हणजे कोणत्याही षड्जात बोटे तीच ठेवून वाजवता येईल, असे दुकानदार सांगतो. ते खरे आहे. तिच्यात सगळा कळफलक सरकतो आणि त्याच पट्ट्यांखाली दुसरे सूर येतात. पण याचाच अर्थ असा की कोणताही सूर केव्हाही षड्ज होणार. म्हणजे बाराही तुकडे सारखेच कापलेले असावे लागणार, आणि गांधार मिळवून घेण्याची वाट बंद होणार. शिवाय सरकणारे जितके जास्त, तितके सैल पडणारे जास्त. भजनी मंडळात दर अभंगाला गाणारा बदलतो, तेथे ही सोय मोलाची आहे. एकच मुलगी एकाच षड्जात रोज रियाझ करणार असेल, तर तिच्यासाठी ती सोय नुसता भार आहे, पैशाचा आणि वजनाचाही.

तेव्हा सूनबाईच्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे तर पेटी प्रथम वाजवावी. भाता भरावा, खटके उघडे ठेवावेत आणि पट्टी दाबू नये. भाता लगेच बसला तर हवा कोठून तरी जाते आहे; काम चामड्याचे व कापडाचे आहे, घाबरू नये. मग एकेक पट्टी अगदी हळू हवेवर दाबून पाहावी. काही सूर उशिरा बोलतील, काही घरघरतील. पुष्कळदा तो जिभेखाली अडकलेला कचरा असतो. शेजारचे सगळे सूर ठीक असताना एखादाच सूर फार खाली गेला असेल तर जिभेला चीर गेली असण्याचा संभव आहे. तो बदलावाच लागेल. असे चार-सहा निघाले तर त्याच जातीचे जुने सूर मिळवून बसवावेत. पण तिसरा हिस्सा जिभा गेल्या असतील, किंवा पूर्वीच कोणी कानशीने सर्वांची चाळण केली असेल, तर त्या पेटीचा आवाज संपला असे धैर्याने म्हणावे आणि नवी घ्यावी. मेलेल्या आवाजाच्या पेटीवर खर्च करणे ही आजोबांची भक्ती नव्हे. तिच्यावर समई ठेवली तरी त्यांचा मान राहील.

सूर शाबूत असतील तर मात्र दुरुस्ती करावी, नव्या पेटीइतका खर्च आला तरी करावी. कारागिराला तीन गोष्टी आधीच सांगाव्यात. पहिली, सूर एकमेकांशी मिळवा, बाहेरच्या मापाशी नको. दुसरी, कानस लावण्यापूर्वी सर्व सूर धुऊन-पुसून आणि हवा बंद करून पुन्हा ऐका. गळका भाता आणि मळलेली जीभ दुरुस्त झाल्यावर अर्धे बेसूर आपोआप सुरात येतात. तिसरी, जे सूर बदलाल ते पुरचुंडीत बांधून परत द्या. जुन्या पिढीच्या कारागिराला हे सांगावेही लागत नाही, तोच तुम्हाला सांगतो. त्याच्या दुकानात तासभर बसण्याची संधी मिळाली तर सोडू नये. तो एक सूर तोंडाने फुंकून पाहतो, मान हलवतो, दुसऱ्याशी ताडून पाहतो, आणि कानस उचलण्याऐवजी पुष्कळदा खाली ठेवतो. ती खाली ठेवलेली कानस हीच त्याची विद्या. अशा माणसांची संख्या वाढती नाही, कारण आपण त्यांच्याकडे काम न्यावयाचे सोडले आहे.

शाळामास्तराच्या नात्याने आणखी एक सांगतो. मुले रोज जे ऐकतात त्यालाच सूर समजतात. ज्या वर्गात प्रार्थनेची पेटी बेसूर, तो वर्ग पुरते वर्षभर बेसूर गातो आणि त्याला ते कळत नाही. कळावे कसे, दुसरे त्याने ऐकलेलेच नसते. म्हणून घरात मूल गाणे शिकावयास बसणार असेल तर अर्धवट दुरुस्त केलेल्या थोर पेटीपेक्षा साधी, घट्ट हवेची, सुरेल नवी पेटी कितीतरी बरी. थोरपणाचा वारसा मुलाच्या कानाला दंड म्हणून देऊ नये. पण घरात चांगले जुने सूर असताना केवळ पॉलिश उडाले म्हणून ती पेटी मोडीत काढली, तर त्या मुलाच्या कानावर एक आवाज कधीच पडणार नाही, आणि आपण काय गमावले हे त्याला मोठेपणीही कोणी सांगू शकणार नाही. दुकानात पैसे टाकून नवी पेटी केव्हाही मिळेल. तो आवाज मात्र त्या पितळेत असेपर्यंतच आहे.

यंदा पेटी माळ्यावरून उतरली असेल तर पाडव्यापर्यंत तरी ती खालीच असू द्या. लुगडे सोडा, भाता भरा आणि घरातल्या सर्वांत लहान कानाला शेजारी बसवून एकेक पट्टी दाबा. आजोबांना त्यांची आठवण सांगू द्या, चिरंजीवांना हिशेब मांडू द्या. त्यानंतर जे ठरेल ते, दुरुस्ती असो वा नवी खरेदी, ऐकून ठरलेले असेल. सूनबाईलाही ते मान्य होईल अशी माझी खात्री आहे.